मिठाचें लोखंडाशीं वैर



आमच्या घरीं मिठाची बरणी चिनी मातीची होती आणि तिचें झांकण लांकडाचें होतें. लहानपणीं एकदां तें झांकण तडकलें, तेव्हां मीं कोठून तरी तुपाच्या डब्याचें पत्र्याचें झांकण पैदा केलें आणि बरणीवर बसवून दिलें. पावसाळ्याचे दिवस होते. पंधरा दिवसांत त्या पत्र्याला तांबूस पोपडे सुटले आणि बरणींतलें वरचें मीठ विटकरी झालें. आई रागावली नाहीं; इतकेंच म्हणाली, "मिठापाशीं लोखंड ठेवूं नये, एवढेंही तुला ठाऊक नाहीं?" तिनें रसायनशास्त्राचें पुस्तक कधीं उघडलें नव्हतें. पण विळीनें कैरी चिरून झाली कीं विळी तेव्हांच धुवून, पुसून, कोरडी करून ठेवायची. लोखंडी कढईंत आमटी रात्रभर राहूं द्यायची नाहीं. लोणच्याला धातूचें भांडें लावायचें नाहीं, हे तिचे नियम होते. आज मी आपणांस जें कांहीं सांगणार आहें त्यांतला निम्मा भाग ह्या नियमांत येऊन गेला. उरलेला निम्मा असा कीं, जी निगा आपण विळीची राखतों ती आपण मोटारीची आणि शेतावरच्या यंत्राची राखत नाहीं.

गंज म्हटला कीं आपणांस समुद्रकांठ आठवतो, आणि तें स्वाभाविक आहे. समुद्राच्या एक लिटर पाण्यांत सुमारें ३५ ग्रॅम क्षार असतात. लाटा फुटतांना त्यांचे सूक्ष्म तुषार वाऱ्यावर चढतात आणि किनाऱ्यावरच्या प्रत्येक खिळ्यावर जाऊन बसतात. नोकरीच्या निमित्तानें मीं कांहीं वर्षें कोंकणांत एका वाहनदुरुस्तीच्या कारखान्यांत काढलीं. दारांच्या खालच्या कडा चाळणीसारख्या झालेल्या मोटारी आणि पाना लावतांच माना टाकणारे बोल्ट हें तेथलें नित्याचें दृश्य होतें. गोव्यांत पणजीपाशीं मांडवी नदीवर १९७० सालीं खुला झालेला पूल १९८६ च्या जुलै महिन्यांत कोसळला, तो ह्याच कोंकणपट्टीच्या खाऱ्या हवेंत. काँक्रीटच्या पोटांत ताणून बसविलेल्या त्याच्या पोलादी तारा गंजानें खाल्ल्या होत्या. पुलाचें वय अवघें सोळा वर्षांचें!

हें सगळें पाहून मी अहमदपुरास परत आलों, तेव्हां मनाला फार निश्चिंत वाटलें. अहमदपूर हें लातूर जिल्ह्यांतलें तालुक्याचें गांव बालाघाटाच्या पठारावर वसलें आहे. अरबी समुद्र येथून चारशें किलोमीटरांहून अधिक दूर. वर्षाचे आठ महिने हवा अशी कोरडी कीं ओठ फुटावेत. आपण गंजाला कोंकणांतच सोडून आलों, अशी माझी समजूत झाली. ती समजूत पुरतीं दोन वर्षेंही टिकली नाहीं.

आमची शेती माझा धाकटा भाऊ पाहतो. त्यानें ट्रॅक्टरला जोडायचें पेरणीयंत्र घेतलें होतें. ह्या यंत्राला दोन पेट्या असतात. एकींत बियाणें, दुसरींत खत, आणि खालीं फणाफणाला उतरणाऱ्या नळ्या. सोयाबीन पेरून झालें, यंत्र गोठ्यामागें नेऊन उभें केलें आणि वर प्लॅस्टिकची ताडपत्री टाकली. खताच्या पेटीच्या तळाशीं चार-सहा मुठी खत उरलें होतें. तें कोण काढतो? पुढच्या जूनमध्यें पाऊस झाला, वाफसा आला, आणि भल्या पहांटे भावाचा दूरध्वनि आला, "दादा, खताची पेटी फिरंना! आंतला आंसच जाम झालाय." मी जाऊन पाहतों तों खत दगडासारखें बसलेलें, आंस आणि त्यावरचीं चक्रें एकजीव झालेलीं, आणि पेटीच्या तळाला बोट लावलें तर बोट आरपार गेलें. लोहाराकडे नेलें, तर त्याच्या दारांत अशींच आणखी तीन यंत्रें उभीं होतीं. दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशीं पुन्हां पाऊस आला, वाफसा मोडला आणि पेरणी आठ दिवस लांबली. उशिरा पेरलेल्या सोयाबीनचें काय होतें तें मराठवाड्यांतल्या श्रोत्यांस मीं सांगावयास नको. ज्यांनीं शेत पाहिलें नाहीं त्यांनीं इतकेंच ध्यानांत घ्यावें कीं, त्या वर्षीं आमचें नुकसान पत्र्याचें झालें नाहीं, पिकाचें झालें.

समुद्र नाहीं, खारा वारा नाहीं. मग हें मीठ आलें कोठून? तें आम्हींच पोत्यांतून पैसे देऊन आणलें होतें. पोटॅश म्हणून जें खत आपण घेतों तें पोटॅशियम क्लोराइड, म्हणजे आपल्या जेवणांतल्या मिठाचा सख्खा भाऊ. त्याच्या वजनांत जवळ जवळ निम्मा वांटा क्लोराइडचा असतो.

लोखंड, प्राणवायु आणि पाणी ह्या तिघांची गांठ पडली कीं गंज जन्मतो. ओल्या लोखंडावर डोळ्यांस न दिसणारे विजेचे घट आपोआप तयार होतात. एका जागीं लोखंड विरघळतें, शेजारच्या जागीं प्राणवायु त्याची वीज ग्रहण करतो. शुद्ध पाण्यांतून वीज कष्टानें वाहते, म्हणून हा व्यवहार सावकाश चालतो. पाण्यांत मीठ विरघळलें कीं विजेला हमरस्ता मिळतो. दुसरें असें कीं, लोखंडावर जें अत्यंत पातळ संरक्षक कवच असतें तें क्लोराइड फोडून टाकतें. आणि ह्या साऱ्या खटाटोपांत मीठ स्वतः खर्ची पडत नाहीं. दलाल जसा एक सौदा जुळवून दुसऱ्याकडे वळतो, तसें तेंच क्लोराइड पुन्हां पुन्हां नव्या लोखंडाला जाऊन भिडतें. म्हणून मिठाचा अंश थोडा असला तरी त्याचें काम वर्षानुवर्षें चालू राहतें. शिवाय गंज ज्या लोखंडापासून होतो त्याच्या दुप्पट ते सहापट जागा व्यापतो. त्यामुळें सांधे फुगतात आणि आंस जखडतात. आमच्या पेटींतला आंस ह्याच रीतीनें जखडला होता.

पण उन्हाळ्यांत पाणी तरी कोठून येतें, असा प्रश्न आपण विचाराल. तें हवेंतून येतें. प्रत्येक क्षाराची एक मर्यादा ठरलेली आहे. हवेंतली आर्द्रता त्या मर्यादेच्या वर गेली कीं तो क्षार हवेंतून पाणी ओढून पाझरूं लागतो. साध्या मिठाची मर्यादा शेंकडा ७५ च्या आसपास आहे, म्हणून पावसाळ्यांत आपली मीठदाणी ओलसर होते. ३० अंश तपमानांत युरियाची मर्यादा शेंकडा ७३ च्या जवळ आणि पोटॅशची ८४ च्या जवळ. मात्र हे दोघे एकत्र झाले कीं मर्यादा ६० वर उतरते! शेतकरी तर दोन-तीन खतें एकत्र करूनच पेटींत ओततो. म्हणजे जी हवा आपल्याला कोरडी वाटते तिच्यांतूनही पेटीच्या तळचें मिश्रण पाणी ओढीत असतें, आणि वरची ताडपत्री तें पाणी उडून जाऊं देत नाहीं. चांगलें करावयास जावें आणि वाईट व्हावें, तें असें.

गोठ्यामागची जागा हीही आमची एक चूकच होती. ह्यासंबंधीं एक जुनी हकीकत आहे. इंग्रजी अमदानींत हिंदुस्थानांतल्या फौजेचीं पितळी काडतुसें पावसाळ्यांत घोड्यांच्या पागेंत ठेवीत, आणि पावसाळा सरल्यावर पाहावें तों त्यांना चिरा गेलेल्या असत. ह्याचा उलगडा १९२१ सालीं झाला: घोड्यांच्या मूत्रांतून निघणारा अमोनिया वायु ताणाखालीं असलेल्या पितळेला चिरतो. फवाऱ्याच्या पंपाचीं पितळी तोंडें गोठ्यांत टांगून ठेवणाऱ्यांनीं हें लक्षांत ठेवावें. पंपांत मोरचूद कालवीत असाल तर लोखंडी बादली मुळींच वापरूं नये. मोरचुदांतलें तांबें लोखंडावर येऊन बसतें आणि त्याच्या मोबदल्यांत लोखंड झिजून जातें.

आमचे वडील तिफणीनें पेरीत. चाडें लांकडाचें, नळ्या वेळवाच्या, आणि लोखंड म्हणाल तर फणाच्या टोंकाला काय तेवढें. त्या टोंकाला माती रोज घासून लखलखीत ठेवी. गंजायला त्या तिफणींत होतेंच काय? वखराची फास कोपऱ्यांत टेकण्यापूर्वीं वडील तिला तेलाचें बोट फिरवीत. तिफणीनें दिवसाला किती पेरणी होत असे हें मला ठाऊक आहे, तेव्हां जुनें तें सोनें असें मी म्हणणार नाहीं. पण लांकूड जाऊन त्याच्या जागीं लोखंड आलें आणि शेणखताच्या जागीं क्षारांचीं पोतीं आलीं, तरी औजार ठेवण्याची आमची रीत लांकडाच्या काळांतलीच राहिली.

आतां शहरांतल्या श्रोत्यांकडे वळतों. आपल्या घरीं पेरणीयंत्र नसेल, पण मोटारसायकल किंवा मोटार असेल, आणि ती बहुधा बोअरच्या पाण्यानें धुतली जात असेल. आमच्या भागांत पाण्याची काय दशा होते तें साऱ्या देशानें २०१६ च्या एप्रिलमध्यें पाहिलें. मिरजेहून लातुरास आगगाडीनें पाणी आणावें लागलें. जेथें प्यावयास गोडें पाणी नाहीं तेथें गाडीला तें कोण देणार? गाडीला मिळतें तें मचूळ पाणी. पिण्याच्या पाण्यांत विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत, आणि दुसरें पाणीच नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्यावेत, असें भारतीय मानक सांगतें. २००० चेंच पाणी धरूं. गाडी धुतल्यावर तिच्या अंगावर आणि सांध्यासांध्यांत मिळून एक पेलाभर, म्हणजे २०० मिलिलिटर पाणी राहतें असें समजूं. तें उन्हांत वाळलें कीं मागें ०.४ ग्रॅम क्षार उरतात. आठवड्याला एकदां गाडी धुतली तर वर्षाला सुमारें २० ग्रॅम, म्हणजे चहाचे तीन-चार चमचे! उघड्या पत्र्यावरचे क्षार पुढच्या धुण्यांत निघून जातात हें खरें. पण दाराच्या तळच्या घडींत, मडगार्डच्या आंतल्या कडेला आणि चिखलाच्या थराखालीं ते सांठतच राहतात. आमची काळी माती ओल धरून ठेवण्यांत पटाईत आहे. मडगार्डला आंतून चिकटलेलें तिचें ढेंकूळ बाहेरून सुकलेलें दिसलें तरी पत्र्याकडच्या बाजूनें पुष्कळ दिवस ओलें असतें. जखमेवर ओलें पोटीस बांधून ठेवावें तसें.

येथें एक खुलासा केला पाहिजे. नळाच्या तोंडाशीं जी पांढरी खडूसारखी पुटें धरतात ती बहुतांशीं चुन्याचीं असतात. तीं दिसावयास वाईट, पण लोखंडाचा खरा वैरी तीं नव्हेत. जो क्षार पुट धरीत नाहीं, विरघळून दिसेनासा होतो आणि जिभेलाच तेवढा कळतो, तो वैरी.

माझा पुतण्या मुंबईस नोकरीला आहे. त्यानें तेथें एक जुनी मोटार स्वस्तांत घेतली आणि दिवाळींत मोठ्या हौसेनें अहमदपुरास आणली. रंग पाहावा तर आरशासारखा. मी जुना कारखान्याचा माणूस, मला राहवेना. पायांखालचा गालिचा उचलला आणि पेचकसाचें टोंक तळाच्या पत्र्यावर हलकेंच दाबलें, तर तें खालच्या जमिनीला लागलें. बिचाऱ्याचा चेहरा उतरला. मला मात्र पत्र्याहून अधिक चिंता ब्रेकच्या तेलाच्या नळीची वाटली. ती गाडीखालून जाते, बारीक असते, आणि गंजली म्हणजे नेमका जोराचा ब्रेक दाबावा त्या क्षणीं फुटते. ती आम्हीं दुसऱ्याच दिवशीं बदलली. समुद्रकांठच्या गांवाहून जुनें वाहन आणणाऱ्यांस माझी विनंति अशी कीं, त्यांनीं तें भर दुपारच्या उजेडांत, खालीं आडवें होऊन पाहावें. दारांच्या तळाचीं पाणी जाण्याचीं भोंकें बुजलेलीं आहेत काय, तळाला नुकताच काळा लेप दिला आहे काय, हें बघावें. ताजा काळा लेप दिसला कीं मला संशय येतो. थंड देशांतले लोकही हीच तपासणी करतात, कारण तिकडे हिंवाळ्यांत बर्फ वितळावें म्हणून रस्त्यांवर मीठच टाकतात.

उपायांमध्यें शास्त्रज्ञांनीं शोधलेला उत्तम उपाय म्हणजे जस्त. १८२४ सालीं हंफ्री डेव्ही ह्या इंग्रज शास्त्रज्ञानें जहाजांच्या तांब्याच्या पत्र्याला जस्ताचे किंवा लोखंडाचे तुकडे जोडून दाखविलें कीं, जोडलेला तुकडा झिजतो आणि तांबें वांचतें. १८३७ सालीं सोरेल नांवाच्या फ्रेंच माणसानें लोखंडाला जस्ताचा मुलामा देण्याच्या कृतीचें पेटंट घेतलें. आपल्या घरांवरचे पत्रे आणि पाण्याच्या नळ्या त्याच जातीच्या. मुलाम्याला ओरखडा गेला तरी भोंवतालचें जस्त आधीं झिजतें आणि लोखंडाला राखतें. मात्र अशा नळ्यांचें फाटक करतांना जेथें वेल्डिंग होतें तेथलें जस्त जळून जातें, आणि फाटक गंजूं लागतें तें त्याच सांध्यापासून. त्या सांध्यावर जस्तयुक्त रंगाचा हात दिल्याशिवाय कारागिराचे पैसे चुकवूं नयेत.

रंगाच्या बाबतींत एकच गोष्ट बजावून सांगतों. गंजावर रंग देणें म्हणजे चोराला घरांत कोंडून बाहेरून कुलूप लावणें होय. आधीं गंज खरवडावा, मग तो भाग चांगल्या पाण्यानें धुवावा, पुरता वाळूं द्यावा आणि नंतरच रंगाला हात घालावा. मधलें धुणें बहुतेक कारागीर गाळतात. रंगाखालीं राहिलेला क्षार रंगाच्या थरांतूनही ओल ओढून घेतो, आणि वर्षाच्या आंत फोड येतात. पूर्वीं पहिला हात शेंदराचा देत. तो गंजाला फार चांगला, पण शेंदूर म्हणजे शिशाचा प्राणिद, माणसाला विषारी. आतां जस्ताच्या फॉस्फेटचे अस्तर-रंग मिळतात, ते घ्यावेत. बाजारांत स्वस्त मिळणारें रेड ऑक्साइड म्हणजे केवळ तांबडा रंग आहे. त्याच्या तांबडेपणावर विसंबूं नये.

खेड्यापाड्यांतून इंजिनांतलें जळकें काळें तेल औजारांना फांसण्याची चाल आहे. तें मला पसंत नाहीं. त्यांत आम्ल असतें, आणि तें मातींत उतरतें तें वेगळेंच. दोन बोटें स्वच्छ वंगण घ्यावें, तेंही कोरड्या व धुतलेल्या लोखंडावर. क्षारावर तेल फांसलें तर क्षार तेलाखालीं सुखानें नांदतो.

एवढें सगळें धुवायला पाणी कोठून आणायचें, हा आमच्या गांवचा प्रश्न उरतोच. त्याला आमच्या भावानेंच वाट काढली, मीं नव्हे. पेरणी संपते तेव्हां पावसाळा सुरू असतो. गोठ्याच्या पत्र्याच्या पन्हळीखालीं त्यानें एक पिंप ठेवलें आहे. पावसाच्या पाण्यांत क्षार नांवालाच असतो, आणि तें फुकट मिळतें. पेरणीचा शेवटचा तास संपला कीं त्याच संध्याकाळीं तो पेट्या उपड्या करतो, खताचा कण न् कण ब्रशानें काढतो, पिंपाच्या पाण्यानें नळ्या धुतो, आणि मग आंस हातानें फिरवीत फिरवीत वंगण देतो. यंत्र आतां गोठ्यापासून दूर, छपराखालीं पण उघड्या वाऱ्यावर उभें असतें. ताडपत्री काढून टाकली. मीही माझी मोटारसायकल बोअरच्या पाण्यानेंच धुतों. पण शेवटचा तांब्या पिंपांतला घालतों, आणि मग जुन्या धोतराच्या फडक्यानें सांधे पुसून काढतों. उन्हाळ्यांत पिंप रिकामें असतें, तेव्हां गाडी धुतच नाहीं. ओल्या फडक्यानें पुसतों आणि मागून कोरडें फडकें फिरवितों.

गेल्या जूनमध्यें वाफसा आला त्या पहांटे मी मुद्दाम शेतावर गेलों होतों. भावानें पेटी भरण्यापूर्वीं आंसाला हात घातला, आणि तो एका हातानें फिरला. त्याच दिवशीं दुपारीं शेजारच्या शेतांतला एक मुलगा पेचकस आणि हातोडा मागायला आमच्याकडे आला.